पाहुण्या विद्यार्थ्यांसमोर जागतिक व्यापाराचा पाठ

(उद्योग-व्यवसायात कार्यरत राहून परदेशी विद्यार्थ्यांना व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या अध्यापकांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



सायंकाळी सहाच्या सुमारास चाकण, भोसरी, पिंपरीकडून पुण्याकडे परतणाऱ्या वाहनांच्या गर्दीत एखादे वाहन असे असते, की त्याच्या चालकाचा दिवस अद्याप संपलेला नसतो. निर्यातीची कागदपत्रे, परदेशी ग्राहकांचे दूरध्वनी आणि वेळेत न पोहोचलेला कच्चा माल यांत दिवसभर गुंतलेला हा गृहस्थ आता वर्गावर निघालेला असतो. तेथे त्याची वाट पाहणारे पंधरा-वीस विद्यार्थी अमेरिकेच्या निरनिराळ्या राज्यांतून एका सत्रापुरते भारतात आलेले असतात. विषय असतो जागतिक व्यवसाय-धोरण. कालावधी साधारण पंधरा आठवड्यांचा, तासिका पंचेचाळीसच्या आसपास. सत्र संपले की विद्यार्थी मायदेशी जातात, त्यांच्या विद्यापीठात श्रेयांकांची नोंद होते आणि अध्यापक पुन्हा आपल्या कारखान्याच्या हिशेबात बुडून जातो.

वरवर पाहता ही एक लहानशी व्यवस्था आहे. परंतु या पंचेचाळीस तासांत एक तरुण पिढी एका देशाविषयी आपले मत बनवीत असते. त्या मताला आकार देण्याचे काम ज्याच्याकडे येते, तो बहुधा पूर्णवेळ प्राध्यापक नसतो. तो असतो हा अर्धवेळ अध्यापक. म्हणूनच त्याच्या कामाचा विचार गांभीर्याने व्हायला हवा.

येणारे थोडे, जाणारे फार

प्रथम आकड्यांकडे पाहणे उचित ठरेल. अमेरिकेत दरवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या ‘ओपन डोअर्स’ अहवालानुसार २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात २,८०,७१६ अमेरिकी विद्यार्थ्यांनी आपल्या पदवीचा काही भाग परदेशात पूर्ण केला. यांतील सर्वाधिक विद्यार्थी इटली, ब्रिटन, स्पेन आणि फ्रान्स या चार देशांत गेले. भारताच्या वाट्याला त्यातला अगदी लहान अंश येतो. उलट दिशेचे चित्र पाहावे, तर २०२३-२४ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती आणि त्या वर्षी भारताने चीनलाही मागे टाकले. भारतातील उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये आपल्याकडे सर्व देशांतून आलेले विद्यार्थी होते ४६,८७८. आणि देशातील एकूण विद्यार्थिसंख्या होती सुमारे ४ कोटी ३३ लाख. ज्या भूमीत एके काळी नालंदेस दूरदेशीचे विद्यार्थी येत, त्या भूमीचे आजचे हे प्रमाण आहे.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. फ्लॉरेन्स किंवा बार्सिलोना सोडून जो विद्यार्थी पुण्याची निवड करतो, तो प्रवाहाविरुद्ध आलेला असतो. त्याच्या मनात भारताविषयी कुतूहल असते आणि शंकाही असतात. त्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे हा केवळ शैक्षणिक दोष राहत नाही. जी थोडी माणसे आपण होऊन दारात आली, त्यांच्याकडे केलेले ते दुर्लक्ष ठरते.

पुण्याला या आतिथ्याची परंपरा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविणारे डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाची जबाबदारी सांभाळत असता, एक परदेशी मुलगी खिडकीतून एका मुलाला जेवण देत असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. चौकशीअंती कळले, की तो मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने आजारी होता आणि परक्या गावात त्याची काळजी घेणारे दुसरे कोणी नव्हते. या प्रसंगातून परदेशी विद्यार्थ्यांसाठी काही करावे हा विचार रुजला आणि १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ची स्थापना झाली. वनस्पतिशास्त्रातील या शब्दाचा अर्थ सहजीवन. दोन भिन्न जीवांनी परस्परांच्या आधाराने जगणे. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने हा अर्थ मनात ठेवावा, इतका तो समर्पक आहे.

विषय नेमका कोणता?

जागतिक व्यवसाय-धोरण म्हणजे काय, हे सोप्या शब्दांत सांगायचे तर एवढेच, की आपल्या घरी यशस्वी ठरलेला व्यवसाय दुसऱ्याच्या घरी न्यायचा असेल, तर काय बदलावे, काय बदलू नये आणि मुळात जावे की जाऊ नये, याचा विचार. या विषयात गेली चार दशके एक वाद चालू आहे. १९८३ मध्ये हार्वर्डचे थिओडोर लेविट यांनी असे प्रतिपादन केले, की जगातील ग्राहकांच्या आवडीनिवडी एकसारख्या होत चालल्या असून यापुढे एकच वस्तू एकाच पद्धतीने सर्वत्र विकणाऱ्या कंपन्याच टिकतील. २००१ मध्ये पंकज घेमावत यांनी त्याच विद्यापीठातून नेमका उलट इशारा दिला. अंतर मिटलेले नाही, असे त्यांचे म्हणणे. देशादेशांत चार प्रकारची अंतरे असतात : सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. ती मोजल्याविना परदेशी बाजारात उतरणारा व्यापारी बहुधा तोंडघशी पडतो.

पाठ्यपुस्तकात या चार अंतरांचा तक्ता अर्ध्या पानात मावतो आणि अमेरिकेतील वर्गात विद्यार्थी तो पाठही करतात. पुण्यात मात्र तोच तक्ता रस्त्यावर उतरून पाहता येतो. तो दाखविणे हे येथील अध्यापकाचे मुख्य काम होय.

एक साधा प्रयोग पाहावा. विद्यार्थ्यांना प्रत्येकी शंभर रुपये देऊन जवळच्या किराणा दुकानात पाठवावे आणि एक, दोन, पाच, दहा रुपयांना काय काय मिळते, त्याची यादी करावयास सांगावे. परत आल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो तो पाकिटावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीचा. ‘एमआरपी’ ही आपल्या अंगवळणी पडलेली गोष्ट अमेरिकी मुलाला चकित करते. त्याच्या देशात अंतिम किंमत दुकानदार ठरवितो आणि विक्रीकर गल्ल्यावर वेगळा जोडला जातो. येथे कारखानदाराने सर्व करांसह कमाल किंमत वेष्टनावर छापलीच पाहिजे आणि दुकानदाराने त्याहून अधिक घेता कामा नये, असा कायदा आहे. इंधन महागले, वाहतूक महागली, तरी दुर्गम खेड्यातील दुकानदाराला त्या छापील आकड्याच्या आतच आपला नफा बसवावा लागतो. मग कंपनी किंमत तीच ठेवून पुड्यातील बिस्किटांचे वजन का घटविते, हे वेगळे सांगावे लागत नाही. प्रशासकीय अंतर म्हणजे काय, ते बिस्किटाच्या पुड्यावरून समजते.

दुसरे आश्चर्य शाम्पूच्या पुडीचे. अमेरिकेत मोठी बाटली घेणारा ग्राहक काटकसरी समजला जातो. येथे रोजच्या रोज मजुरी मिळविणाऱ्या घरात एका वेळेपुरती पुडी परवडते. मिशिगन विद्यापीठाचे, मूळचे कोईमतूरचे सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात आर्थिक उतरंडीच्या तळाशी असलेल्या या ग्राहकाकडे जगाचे लक्ष वेधले. त्यावर त्याच विद्यापीठातील अनिल करनानी यांनी २००७ मध्ये आक्षेप घेतला, की गरिबाला ग्राहक मानून त्याची गरिबी हटत नाही, त्याला उत्पादक करावे लागते आणि त्याच्याकडून माल विकत घ्यावा लागतो. भारतीय वंशाच्या दोन विद्वानांचा हा मतभेद वर्गात मांडला, की चर्चेला धार येते. एखादी विद्यार्थिनी त्यापुढे जाऊन विचारते, की या कोट्यवधी रिकाम्या पुड्यांचे पुढे काय होते? नदीकाठी फेरी मारली की मुळा-मुठेचे पात्र त्याचे उत्तर देते. अध्यापकाने तेथे नजर चोरण्याचे कारण नाही.

गरम दुधाचा धडा

ज्यांच्या देशातून हे विद्यार्थी येतात, त्या देशाच्या कंपन्याही अंतर मोजण्यात चुकल्या आहेत. केलॉग १९९४ मध्ये भारतात आली. मुंबईजवळ तळोजा येथे कारखाना उभा राहिला आणि कुरकुरीत मक्याच्या पोह्यांची जाहिरात सुरू झाली. परंतु भारतीय घरात सकाळी दूध गरम करण्याची रीत आहे आणि गरम दुधात ते पोहे लगेच लिबलिबीत होतात. शिवाय किंमत चढी. पोहे, उपमा, पराठा, इडली असा गरम व चवदार नाश्ता करणाऱ्या घराने ‘तुमचा नाश्ता चुकीचा आहे’ हा संदेश स्वीकारण्याचे कारण नव्हते. कंपनीने पुढे लहान पाकिटे काढली, चवी बदलल्या आणि जम बसविला. पण त्याला वर्षे लागली.

त्याच्या उलट उदाहरण मॅक्डोनल्ड्सचे. १९९६ मध्ये पहिले उपाहारगृह उघडण्यापूर्वी त्या कंपनीने काही वर्षे बटाटा, भाजी, शीतसाखळी यांची तयारी केली. जगभर जो पदार्थ तिची ओळख होता, त्यातील गोमांस येथे वगळले, शाकाहारी पदार्थांसाठी स्वयंपाकाची जागा व भांडी वेगळी ठेवली आणि आलू टिक्कीला आपल्या यादीत स्थान दिले. ज्या समाजात जायचे, त्याच्या श्रद्धेचा मान राखणे हे शहाण्या व्यापाऱ्याच्या दृष्टीने धोरणाचे पहिले सूत्र ठरते, हे या उदाहरणातून कोणाही विद्यार्थ्याच्या ध्यानी येते. पुण्यातील एखाद्या कुटुंबात राहणारी मुलगी हे आणखी लवकर शिकते. काकूंच्या स्वयंपाकघरात चपला घालून जाऊ नये, हे पहिल्या दिवशी कळते. आणि चातुर्मासात घरात कांदा-लसूण का नाही, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्गात येतो. त्या प्रश्नाला ‘विषयांतर’ म्हणून बाजूला सारणाऱ्या अध्यापकाला आपला विषय समजलेला नाही, असेच म्हणावे लागेल. वर्षातील चार महिने घराघरांतील खरेदीची यादी बदलते, ही बाजारपेठेची माहिती नव्हे तर काय?

अंतर केवळ दोन देशांत असते असेही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीत नव्हते. नांगर उत्तम होता, कारागिरी स्वदेशी होती, ग्राहक आपल्याच भाषेत बोलणारा होता. तरीही विक्रीसाठी दीर्घकाळ धीर धरावा लागला. १९१० मध्ये किर्लोस्करवाडीच्या माळावर कारखाना उभा राहिला, त्यामागे शेतकऱ्याचा हा मिळविलेला विश्वास होता. जागतिक धोरणाच्या वर्गात ही कथा सांगितली, की परदेशी विद्यार्थ्याला उमजते : ग्राहकाला अडाणी ठरविणारा विक्रेता कोणत्याही देशात हरतो.

अभिमान आणि प्रामाणिकपणा

येथे एका नाजूक मुद्द्याला स्पर्श करणे आवश्यक आहे. पाहुण्यांसमोर घराचा दिवाणखाना दाखवावा आणि अडगळीची खोली बंद ठेवावी, ही मनुष्याची स्वाभाविक वृत्ती आहे. परदेशी विद्यार्थ्यांच्या वर्गात भारतीय अध्यापकाला हा मोह दोन प्रकारे होतो. एक तर तो आपल्या देशाच्या यशाच्या कथा फुगवून सांगतो. किंवा पाहुण्याला बरे वाटावे म्हणून आपल्याच समाजाची थट्टा करीत राहतो. बढाई आणि न्यूनगंड ही एकाच दुर्बलतेची दोन रूपे होत.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण बोलके आहे. १८९० पासून चालत आलेली ही व्यवस्था खरोखरच अद्भुत आहे. बहुसंख्य डबेवाले मावळ-खेड परिसरातील, शिक्षण बेताचे, साधने म्हणजे सायकल, लोकल गाडी आणि डब्यावरची रंगीत खूण. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांच्या अचूकतेची दखल घेतली. पुढे मात्र त्यांना ‘सिक्स सिग्मा’चे प्रमाणपत्र मिळाले आहे, अशी आख्यायिका पसरली आणि ती अनेक व्यासपीठांवरून, अनेक वर्गांतून सांगितली गेली. वास्तविक असे रीतसर प्रमाणपत्र त्यांना कोणी दिलेलेच नव्हते. आजचा विद्यार्थी वर्गात बसल्या बसल्या भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत हे शोधून काढतो. त्या क्षणी अध्यापकाचा शब्द हलका होतो आणि त्याबरोबर त्या डबेवाल्याचे खरे कर्तृत्वही संशयाच्या छायेत जाते.

खरी कथा आख्यायिकेहून मोठी आहे. २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलने या व्यवस्थेवर अभ्यासप्रकरण तयार केले. तेथे अभ्यासाला विषय मिळाला तो प्रमाणपत्राचा नव्हे, तर परस्परविश्वास, समान वाटा, साधी सांकेतिक खूण आणि वेळेची शिस्त यांचा. आणि कथा येथेही संपत नाही. २०२० च्या साथीत कार्यालये बंद झाली, घरून काम करण्याची पद्धत आली आणि डबेवाल्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली. एवढी अचूक व्यवस्था ग्राहकाच्या कार्यालयातील उपस्थितीवर किती अवलंबून होती, हा धोरणाचा प्रश्न आहे. तो विद्यार्थ्यांपुढे ठेवल्याने डबेवाल्यांचा मान कमी होत नाही. विद्यार्थी त्यांच्याकडे गंमत म्हणून न पाहता उद्योग म्हणून पाहू लागतात. हाच त्यांचा खरा सन्मान आहे.

टाटा समूहाची दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत. २००७ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलर मोजून टाटा स्टीलने कोरस ही युरोपीय पोलाद कंपनी घेतली. पुढच्याच वर्षी टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार-लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली. त्या वेळी देशभर आनंद व्यक्त झाला आणि तो स्वाभाविकच होता. परंतु पुढे काय झाले? मोटारींचा व्यवसाय प्रारंभीच्या संकटातून सावरला आणि अनेक वर्षे त्याने समूहाला मोठा हात दिला. पोलादाचा ब्रिटनमधील व्यवसाय मात्र वर्षानुवर्षे तोट्याशी झगडत राहिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वेल्समधील पोर्ट टॅलबट येथील शेवटची झोतभट्टी बंद झाली. समूह तोच, काळ तोच, मग फळ वेगळे का? जागतिक मंदी, पोलादाच्या किमती, जुनी यंत्रे, ऊर्जेचा खर्च, नाममुद्रेचे मूल्य अशी अनेक उत्तरे विद्यार्थी शोधतात. पोर्ट टॅलबटच्या कामगाराचे दुःखही त्या चर्चेत यायला हवे. परक्या देशातील कंपनी आपण विकत घेतो, तेव्हा तेथील घरांची जबाबदारीही पत्करतो.

आणि नाण्याची दुसरी बाजू पुण्याच्या उंबरठ्यावर आहे. जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगाव येथे मोटारींचा कारखाना सुरू केला. २०१७ मध्ये तिने भारतातील विक्री थांबविली, २०२० च्या अखेरीस तळेगावचे उत्पादन बंद झाले आणि पुढे तो प्रकल्प ह्युंदाईने घेतला. पोर्ट टॅलबट आणि तळेगाव ही दोन गावे नकाशावर दूर असली, तरी मालक परदेशी मुख्यालयात बसलेला असताना गेट बंद झाले म्हणजे काय होते, याचा अनुभव दोन्ही गावांना आहे. अमेरिकी विद्यार्थ्याने तळेगावची कथा ऐकावी आणि भारतीय अध्यापकाने पोर्ट टॅलबटची कथा सांगावी. अशा वर्गात कोणी यजमान राहत नाही आणि कोणी आरोपीही राहत नाही.

अर्धवेळ अध्यापकाचे बळ आणि मर्यादा

अर्धवेळ अध्यापकाचे बळ उघड आहे. पुस्तकातील ‘विनिमय दराची जोखीम’ त्याने स्वतः सोसलेली असते. बंदरात अडकलेला माल, नाकारलेली खेप, रात्री अकरा वाजता होणारी परदेशी ग्राहकाशी बैठक यांविषयी तो बोलतो, तेव्हा विद्यार्थी कान टवकारतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नावाने अशा अनुभवी व्यक्तींसाठी दार उघडले. किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्यांना पीएच.डी.च्या अटीशिवाय नेमता येईल, मात्र अशा नेमणुका मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसाव्यात, अशी ती योजना आहे. अनुभवाला विद्यापीठात स्थान मिळाले, हे स्वागतार्हच आहे.

तथापि याच बळात मर्यादाही दडलेली असते. अनुभवी माणसाचा वर्ग हळूहळू आठवणींची मैफल होऊ लागतो. ‘आमच्या कंपनीत एकदा असे झाले’ या वाक्याने सुरू झालेला तास त्याच वाक्यावर संपतो. विद्यार्थी हसतात, अभिप्रायाच्या पत्रकावर चांगले शेरे देतात आणि परीक्षेत मात्र त्यांना विश्लेषण करता येत नाही. अनुभव हा कच्चा माल आहे; त्याला सिद्धांताच्या साच्यात घालून तपासल्याविना तो ज्ञान होत नाही. म्हणून प्रत्येक आठवणीला दोन प्रश्न जोडण्याची सवय अध्यापकाने स्वतःला लावून घ्यावी : हे इतरत्रही असेच घडेल का? आणि कोणत्या परिस्थितीत याच्या उलट घडेल?

दुसरी गोष्ट वेळेची. कारखान्यात तातडीचे काम निघाले म्हणून तास रद्द करणे पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत एक वेळ भरून काढता येते. पंधरा आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत गेलेला तास गेलाच. त्यांच्या विद्यापीठांचे श्रेयांकांचे नियम काटेकोर असतात. गृहपाठ वेळेत तपासून, गुणांची कारणे लिहून द्यावी लागतात. ‘चांगले आहे’ एवढा शेरा त्यांना पुरत नाही आणि तो पुरूही नये.

तिसरी गोष्ट मोबदल्याची. ज्याची उपजीविका उद्योगात आहे, त्याला तासाचे मानधन किती मिळते, हा गौण प्रश्न वाटू शकतो. परंतु त्याच इमारतीत तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण अध्यापक असतात, ज्यांचे घर त्या मानधनावरच चालते. सुट्टीचा पगार नाही, पुढच्या सत्राची शाश्वती नाही. अमेरिकेतही परिस्थिती फार निराळी नाही. तेथील प्राध्यापकांच्या संघटनेच्या अभ्यासानुसार सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक अस्थायी स्वरूपाच्या नेमणुकांवर काम करतात. सधन व्यावसायिकाने सेवाभावाने अल्प मानधनात शिकवावे आणि संस्थेने तोच दर गरजू तरुणावर लादावा, हे न्याय्य नव्हे. सेवा स्वेच्छेची असते. ती दुसऱ्याच्या ताटातून वाढता येत नाही.

वर्गातून परत मिळणारे

सुमंत्र घोषाल यांचे स्मरण या ठिकाणी उचित ठरेल. कोलकात्यात जन्मलेले, इंडियन ऑइलमध्ये उमेदवारी केलेले आणि पुढे युरोपातील अग्रगण्य संस्थांत शिकविणारे हे विद्वान. क्रिस्टोफर बार्टलेट यांच्यासह १९८९ मध्ये त्यांनी लिहिलेला बहुराष्ट्रीय कंपन्यांवरील ग्रंथ आजही या विषयाचा पाया मानला जातो. २००४ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यानंतर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात व्यवस्थापनशिक्षणावरच बोट ठेवले होते. मनुष्य केवळ स्वार्थाने चालतो, अशी सिद्धांतांची रचना करून ती वर्षानुवर्षे शिकविल्यामुळे आपण विद्यार्थ्यांची नैतिक जबाबदारीची जाणीवच बोथट केली, असा त्यांचा आशय होता. व्यवस्थापनशास्त्र शिकविणाऱ्या प्रत्येकासाठी हा आत्मपरीक्षणाचा विषय आहे. वर्गात आपण जे बोलतो, ते वीस वर्षांनी कोणाच्या तरी कारखान्याच्या गेटवर लिहिले जाते.

परदेशी विद्यार्थी या आत्मपरीक्षणाला मदत करतात, कारण त्यांचे प्रश्न सवयीने बोथट झालेले नसतात. कारखान्याच्या भेटीनंतर एखादा सहज विचारतो, की एकाच यंत्रावर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन कामगारांच्या गणवेशाचा रंग वेगळा का? कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांतील फरक अध्यापकाला समजावून सांगावा लागतो आणि सांगता सांगता, आपण हा प्रश्न कित्येक वर्षांत स्वतःला विचारला नव्हता, हे त्याच्या लक्षात येते. दुसरी विद्यार्थिनी विचारते, की यंत्रशाळेत स्त्रिया इतक्या थोड्या का? अशा वेळी ‘तुमच्याकडेही तसेच आहे’ हे उत्तर तोंडावर येते. ते काही वेळा खरेही असते, पण ते उत्तर नव्हे. परिस्थिती आहे तशी सांगावी, ती तशी का झाली याचा इतिहास सांगावा आणि ती बदलण्यासाठी कोण झटत आहे, तेही दाखवावे. प्रश्नाला सामोरा जाणारा यजमान पाहुण्याच्या मनात देशाविषयी आदर निर्माण करतो. प्रश्न टाळणारा यजमान केवळ संशय निर्माण करतो.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात हे विद्यार्थी आपल्या देशाच्या रीतीप्रमाणे अध्यापकाला नावाने हाक मारतात. कोणी तसे करण्यास सांगितलेले नसताना, शेवटच्या आठवड्यापर्यंत त्यातील बरेच जण ‘सर’ म्हणू लागतात आणि निरोपाच्या दिवशी एखादा वाकून नमस्कारही करतो. त्याने एक रीत उचललेली असते. अध्यापकानेही त्यांच्याकडून एक रीत उचलावी : न पटलेली गोष्ट ज्येष्ठासमोर निर्भयपणे, पण सभ्यपणे बोलून दाखविण्याची. आपल्या कारखान्यांतील कनिष्ठ अभियंत्याला ही मोकळीक मिळाली, तर कितीतरी चुका वेळीच सुधारतील.

बंधू-भगिनींनो, हे विद्यार्थी परत जातील. त्यांपैकी कोणी उद्या एखाद्या कंपनीच्या बैठकीत बसलेला असेल आणि नवा कारखाना कोठे काढावा किंवा जुना बंद करावा का, असा कागद त्याच्यासमोर असेल. त्या वेळी त्याला चार अंतरांचा तक्ता आठवेलच असे नाही. पण मंडईजवळच्या किराणा दुकानातील एक रुपयाची पुडी, काकूंनी तापवलेले दूध, तळेगावचे बंद झालेले गेट आणि ‘यात आमची चूक झाली’ असे स्वच्छ शब्दांत सांगणारा एक अध्यापक त्याला आठवला, तर कागदावरच्या आकड्यांमागची माणसे त्याला दिसतील. पंचेचाळीस तासांचे सार्थक त्यात आहे.